नाचताना साकर उतरली

माझा जलम मेंढरामागं झाला, काय सांगू तुमाला, आई आटपाडीकडच्या माळावनं मेंढरं घिऊन कऱ्हाडकडं निगालेली आन वाटंतच मी झालो, म्हंजी चालाय यायच्या आदीच मी वाटंला लागल्यालो. फुडं तीस वर्सं ह्या पायांनी रानं तुडवली, आन बिरोबाच्या जत्रंत ढोल वाजला की गजीनाचात फुडं मीच. आमा धनगरांचा नाच वो, हातात रुमाल, मदी ढोल, भवतीनं गोल, पन्नास माणसांचा पाय एकदम पडतो, धुरळा उडतो नुसता. आताबी सांगताना बघा, पाय हालाय लागलं.

मग मेंढरं इकली आन मी कुपवाडला एका कारखान्याच्या गेटावर राखणदार झालो. दिसभर खुर्ची आन गोड च्या. पोट सुटलं, तहान भागंना, तपासलं तर साकर निगाली. डाक्टर म्हणला गोळ्या घ्या आन रोज चाला. मला हसूच आलं, म्हणलं आवं सायेब, धनगराला चालाय शिकवताय व्हय? गोळ्या तेवढ्या घेतल्या. फुडच्या येळंला साकर तीनशेच्या वर, डाक्टर म्हणला असंच चाललं तर पायाला जखम झाली की भरायची न्हाई, पाय कापाय लागंल. पायाचं नाव काढल्यावर मी भ्यालो. पाय गेला तर नाच गेला, आन नाच गेला तर माझं उरलं काय?

तवा नोकरी सोडून गावी आलो. रोज सकाळी बिरोबाच्या देवळापतूर चालायचं, आन घरी आलं की अंगणात ढोल न्हाई तर न्हाई, तोंडानंच ढांग ढांग म्हणत नाचायचं. शेजारपाजार हसायचा. हसू दे. साकर लागली की उतराय!

मग आली जत्रा. आमच्यात रीत हाय, पालखी देवळात जाईपतूर नाचणाऱ्यानं तोंडात कायबी घालायचं न्हाई. म्या उपाशीपोटी गोळी गिळली आन गोलात शिरलो. उन्हं डोक्यावर आली तवा हात कापाय लागलं, घाम फुटला, डोळं फिरलं, आन मी खाली बसून थरथरतोय. झालं, लोकं वरडली देव आला, देव आला. भंडारा उधळला, ढोल आनखी जोरात, म्हातारी माणसं माझ्या पाया पडून इचारत्यात देवा, औंदा पाऊस कसा? मी सांगणार काय, माझी जीबच उचलंना.

माझी थोरली सून शोभा, गावची आशाताई हाय ती, सरकारी दवाखान्याकडनं घरोघरी जाऊन साकर तपासती. नाचाच्या गोलात बाईमाणूस शिरत न्हाई, पर ती शिरली. म्हणाली, सरका, देव न्हाई आला, मामांची साकर पार खाली उतरलीया. पुजारी म्हणला, पोरी, देवाचा कोप हुईल. ती म्हणाली, झाला तर माझ्यावर हुईल. आन साकरपाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. घोट घोट प्यालो, जरा येळानं ढोल ढोलावाणी ऐकू याय लागला.

घरी पोरगा म्हणला, आण्णा, आता नाच बंद. मी रडलो वो, लपवू कशाला. तर शोभा त्याच्यावरच उखडली, म्हणाली नाचानं तर साकर ताब्यात येतीया, बंद करायचा तो उपास. मला डाक्टरकडं नेलं, त्यानं गोळी कमी केली, वर म्हणला नाचा खुशाल, पर खाऊन नाचा. पुजाऱ्याला तिनं काय सांगितलं बिरोबाला ठावं, पर औंदा त्यो सोताच म्हणला, साकरवाल्यांनी भाकरी खाऊन यायचं.

आता जत्रंला बघाय या तुमी. आमी सात जण साकरवालं हाय नाचात. पयलं शोभाफुडं रांगंत बोटं धरायची, तिनं टोचून तपासायचं, मग रुमाल हातात. साकरंची पुडी मुंडाशात. औंदा पालखी देवळात जाईपतूर नाचलो, एक पाय चुकला न्हाई!

आन गोलात शिरायच्या आदी पयला भंडारा मी शोभाच्या कपाळाला लावतो. लोकं म्हणत्यात, सुनंला कसला मान? मी म्हणतो, त्या दिशी देव आला व्हता गड्यांनो, फकस्त तुमी भलत्याच माणसाच्या पाया पडत व्हता.