शेवटच्या तासाचा फोन

सभेचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरचे प्राचार्य आणि विभागप्रमुख, माझे सहकारी, आणि पंखा नसलेल्या बाजूला निमूट बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याबद्दल आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं, की मी निवृत्त होतेय की वारलेय, हे क्षणभर मलाच कळेना. विभागप्रमुख म्हणाले, बाईंच्या उद्योजकतेच्या वर्गानंतर धंदा काढू म्हणणारी मुलं तिपटीनं वाढतात. आकडा खरा आहे. मी तो मान खाली घालून ऐकला. का, ते सांगते.

आमच्या शेवटच्या तासाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येकानं वर्गातून घरी फोन लावायचा, स्पीकर सुरू ठेवून, आणि सांगायचं, ‘मी नोकरी करणार नाही, धंदा करणार.’ पलीकडून जे येईल त्याला तिथंच उत्तर द्यायचं. किती हसलो आपण! ‘आधी दोन वर्षं नोकरी कर, मग बघू.’ ‘लोक काय म्हणतील?’ एका वडिलांनी तर ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला. मी फळ्यावर लिहायची, ‘भीती घरातून येते’, आणि खडू मोडेपर्यंत अधोरेखित करायची.

गेल्या आठवड्यात तो तास नव्या मॅडमनी घेतला. मी घरी पुस्तकं आवरत होते. फोन आला भाचीचा. भावाची मुलगी, पण लहानपणापासून माझ्याकडेच वाढलेली, आणि यंदा त्याच वर्गात बसलेली.

‘आत्या, मी कंपनीत रुजू होणार नाही. मैत्रीण आणि मी व्हीलचेअर दुरुस्तीचा धंदा काढतोय. घरोघरी जाऊन करणार.’

सगळा वर्ग ऐकतोय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तोंडातून निघालं, ‘डोकं फिरलंय का तुझं? हातचं सोडून पळत्याच्या पाठी?’

‘दोन दवाखान्यांशी बोललोय, आत्या. गिऱ्हाईक आहे.’ शिकवल्याप्रमाणे, अगदी शांतपणे.

‘ते मला शिकवू नकोस! आधी दोन वर्षं नोकरी कर. उद्या तुझ्या लग्नाचं बोलताना मी काय सांगू, पोरगी चाकं ठोकते म्हणून?’

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. ती ‘बरं, आत्या’ म्हणाली आणि फोन बंद झाला.

लोकांच्या आईबापांना काय उत्तर द्यायचं, ते मी इतकी वर्षं शिकवलं. पण जिनं लहानाचं मोठं केलं तिचा शब्द कसा मोडायचा, हे कुठल्या तासाला शिकवलं? वर्गात इच्छा किती वाढली ते आम्ही मोजलं. घरी गेल्यावर त्या इच्छेचं काय झालं, ते बघायला कुणी गेलं का?

भाचीनं पुन्हा विषय काढलेला नाही. सोमवारी रुजू होण्यासाठी तिचे कपडे इस्त्री होऊन टांगलेत. ते बघून मला लाज वाटते. आणि खरं सांगू? लाज वाटते, तरी जिवाला थोडं बरंही वाटतं. त्याची लाज जास्त आहे.

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि खुर्च्या मांडणाऱ्या शिपाईमामांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. मात्र तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीची माफी मी वेगळी मागते. बाळा, सोमवारी चाकं ठोकायला जाऊ का, ते मला विचारू नकोस. मी ‘नको’च म्हणेन. तू जा.