गाडीच्या देवीचा कोप

थायलंडमधल्या चिआंग माई स्टेशनबाहेरच्या रांगेत पुढच्या दोघी टॅक्सीवाल्या बोलत होत्या.

“विलाईताई, एसी झाला सुरू?”

“गारठलेय मी!”

“मेकॅनिकनं केला?”

“तो? सगळं वायरिंग बदला म्हणाला! फ्यूज घातला की उडायचा. सासूबाई म्हणाल्या, गाडीची देवी कोपलीय, बोनेटवर रोज एकाऐवजी दोन हार वाहा.”

“वाहिलेस?”

“वाहिले की! फ्यूजही दुप्पट उडाले. शेवटी मीच एसीचा पंखा खोलला. बोनेटमागे, समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत गेलेल्या झेंडूच्या पाकळ्या, ओंजळभर! पंखा जाम!”

“सासूबाईंना सांगितलंस?”

“ओंजळ त्यांच्यापुढेच धरली. म्हटलं, देवी कोपली नव्हती हो, तुमच्या हारांनी गुदमरली होती!”

“मग?”

“मग काय! देवीही गार, सासूबाईही गार!”