कोऱ्या जागेची झडती

हसू नका मेल्यांनो, सत्याग्रहाच्या दिवसांतली गोष्ट आहे. मी मांडवीच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. वैद्यबुवांच्या औषधांची यादी दोन रकान्यांत लावली होती. औषधाचं नाव काठाला, खालच्या ओळी थोड्या आत. सरकारविरोधी पत्रकं शोधायला झडतीला आलेला फौजदार नेमका त्या आतल्या जागेवर अडला.

"इथे काय लपवलंय?"

"काही नाही हो. जागा कोरी राहावी म्हणून शिशाचे तुकडे बसवलेत."

"छापायचे नाहीत, तर बसवता कशाला? काहीतरी गुप्त असणार!"

असले होते नव्हते तेवढे तुकडे त्याने जप्त करून नेले.

महिन्याभराने तोच फौजदार बेवारशी मालाच्या लिलावाची यादी छापायला घेऊन आला. नमुना बघून खेकसला, "सगळ्या ओळी काठाला चिकटल्यात! एक वस्तू संपली कुठे, दुसरी लागली कुठे, कळायचं कसं?"

म्हटलं, "साहेब, ती जागा तुमच्या कोठडीत आहे."