शांतेची गोष्ट, मामीसमोर

मी जन्मले कल्याणला, वाढले ठाण्यात, खोपटला. आईबापांना तीन मुली, मी चौथी, आणि माझ्या आत्याला मूलच नाही, म्हणून सव्वा महिन्याची मला आत्याच्या ओटीत घातली. तेव्हापासून आत्या ती आई आणि जिने जन्म दिला ती मामी. दोन वर्षांत मामीला मुलगा झाला. पोर दिली आणि मुलगा आला, चांगल्या पायगुणाची, असं सगळे म्हणायचे, आणि काय सांगू तुम्हाला, लहानपणी मला ते भारी वाटायचं.

आईने लोकांचे डबे करून मला शिकवलं. दोन्ही घरांत पहिली बीए मी, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. आता वागळे इस्टेटला एका कंपनीत माल पाठवायच्या खात्यात, डिस्पॅचला आहे. नवरात्रात आमच्या चाळीच्या देवीपुढे एक संध्याकाळ मी गोष्ट सांगते, पुराणातल्या ज्या बायकांना कोणी विचारत नाही त्यांची. शेजारच्या काकी म्हणतात, अगं, रामाची कधी सांगशील? मी म्हणते, त्याची सांगायला सगळं जग आहे, काकी.

यंदा शांता घेतली. दशरथाची मुलगी, रामाची मोठी बहीण. हो, होती. मूल नसलेल्या राजाला देऊन टाकलेली, आणि पुढे दशरथाला मुलगा पाहिजे झाला तेव्हा यज्ञाला बोलावलं कोणाला, तर तिच्याच नवऱ्याला. चार मुलगे झाले. शांतेला कोणी काय विचारलं ते मला कुठे सापडलं नाही, म्हणून मी लिहिलं. ती कौसल्येला विचारते, आई, मी कोण तुझी?

मामीला मुद्दाम बोलावलेलं. आई गेल्या वर्षी गेली, मला मुलगी म्हणणारं कोणी उरलं नाही, एकदा हिने म्हणावं, एवढंच. पुढच्या खुर्चीत बसवली. ते वाक्य मी तिच्याकडे बघून दोनदा म्हटलं, दोनदा. तिने पदर डोळ्याला लावला, मला वाटलं, आता म्हणेल. तेवढ्यात काकींनी विचारलं, ताई, ही तुमची कोण?

नणंदेची पोर, मामी म्हणाली. फार हुशार.

रिक्षात बसवताना मी विचारलंच, का गं? तर म्हणाली, तुला देताना देवीसमोर शब्द दिलाय, परत माझी म्हणणार नाही. मी म्हटलं, अगं, पण आई तर गेली. म्हणाली, देवी आहे ना.

आता महिन्याला तिच्या गोळ्या घेऊन कल्याणला जाते, दारातून मी तिला मामी अशीच हाक मारते. म्हातारी सुखात राहो. काकींना सांगून टाकलंय, पुढच्या वर्षी रामाचीच सांगते.