माझी शीळ टीव्हीवर वाजती

माझं माहेर यवतकडचं, आन् दिली मांडवगण फराट्याला, धनगराच्याच घरात. तवा सासऱ्यांची मोप मेंढरं व्हती. काय सांगू तुम्हाला, मेंढरू वळखीच्याच आवाजाला येतं, मी घसा फोडून हाका मारल्या तरी ढिम्म हलायची न्हाईत. मग मी रानात एकटी असताना शीळ घालायला लागले, आधी एक लांबडी, मग दोन तुटक, मग वर चढत जाणारी, माझं मीच जुळवलं, कुणी शिकवलं न्हाई. सासरे म्हणले बाईमाणसानं शीळ घालू न्हाई, घरात अवदसा येती. मी म्हणलं आबा, मेंढरं येत्यात का न्हाई तेवढं बघा. येत व्हती.

दोन वर्सांमागं दौंडच्या रस्त्याला मेंढरं चारत व्हते, तर पुण्याचा एक माणूस गाडीतनं उतरला, म्हणला मावशी परत घाला की. आवाज भरायचं मशीन म्होरं धरलं, तीनदा घालून घेतली, आन् नाव न इचारता गेला.

आमची सून टीव्हीवर तो गप्पांचा प्रोग्राम बघती, सोफ्यावर बसून पाव्हण्यांना इचारत्यात तो. एकदा त्याचं सुरवातीचं म्युझिक वाजलं आन् दारात जाळीत कोंडलेली मेंढरं उठली की, घराकडं तोंड करून वरडाया लागली. शिळंवर त्यांनी ढोल घातलाय, पेटी घातलीया, पर मेंढरांला कोण फसवणार? सून म्हणली आत्या, ही तर तुमची शीळ. आन् खाली नाव दुसऱ्याच माणसाचं.

पोरानं चॅनलला फोन लावला, तवा तिथली एक पोरगी घरी आली. म्हणली आजी, स्टेजवर येऊन शीळ घाला, पर आम्ही पारंपरिक म्हणूनच सांगणार, ती समद्या लोकांची हाय. मी म्हणलं लोकं म्हंजी कोण गं बाई? मला तोंड मिट म्हणत व्हती, ती लोकं? त्यांची कवापासनं झाली?

पोरगा कुरकुंभच्या कंपनीतनं शिफ्ट करून आला की म्हणतो, आई, जायचं व्हतं, टीव्हीवर दिसली तरी असतीस. न्हाई गेले. राग येतो मला, आन् का येऊ न्हाई? प्रोग्राम चालू दे त्यांचा, भलं व्हवो त्यांचं, माझं काय म्हणणं न्हाई. पर तुम्ही हे लिवताय न्हवं, तर पारंपरिक लिवू नका. ठकूबाई लिवा.