मोठे टायर

माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगतो. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मी पिकअपला मोठे टायर घातले आणि ॲव्हरेज एकदम पडलं. सिद्राम आठ वर्षं माझी गाडी चालवत होता. मी त्याला तोंडावर विचारलं, "डिझेल विकतोस काय रे?" त्यानं किल्ली ठेवली आणि तो निघून गेला.

महिन्याभरानं मोडनिंबच्या मिस्त्रीनं गाडी बघितली. म्हणाला, "टायर मोठा की गाडी जड वडती. मीटरबी किलोमीटर कमी दावतो."

मी तसाच सिद्रामच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यानं चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, "मला ठावं होतं की, मालक. पर तुमी मिस्त्रीला इचारलं, मला न्हाय."