पन्नास मीटरच्या आत

(कोंबड्यांच्या शेडमागे, सकाळी. अधिकारी मोजपट्टी गुंडाळतो आहे.)

अधिकारी : शेडपासून सापळ्याचं अंतर एकेचाळीस मीटर. आतच आहे.

कोंबडीवाला : परत मोजा साहेब. पट्टी दगडावरून गेलीय.

अधिकारी : दोनदा मोजलं. तुम्हाला ते पन्नासच्या बाहेर का हवंय?

कोंबडीवाला : बाहेर असलं तर गुन्हा होतो ना?

अधिकारी : होतो. जंगली जनावराला सापळा लावायला बंदीच आहे. पण कोल्हा कोंबड्या नेत होता, तुम्ही रीतसर अर्ज केलात, अपवाद म्हणून परवाना मिळाला.

कोंबडीवाला : कोल्हा कुठं अडकला? आई अडकली.

अधिकारी : म्हणूनच तर आलोय. पाय कसा आहे?

कोंबडीवाला : गुडघ्याखालून काढला. साखर आहे तिला, जखम चिघळली.

अधिकारी : सापळा किती वेळा बघत होतात?

कोंबडीवाला : रोज संध्याकाळी सहाला. एकदाच.

अधिकारी : चोवीस तासांत एकदा बघायचा, एवढीच अट आहे.

कोंबडीवाला : ती सकाळी सातला अडकली. अकरा तास. आठवडाभर माझ्याकडे, आठवडाभर ताईकडे, असं चालतं तिचं. मला वाटलं ताई घेऊन गेली, ताईला वाटलं इथंच आहे. शेडमध्ये पंखे, त्यात कोंबड्यांचा कालवा. हाका मारल्या असतील तिनं.

अधिकारी : वाईट झालं. पण अकरा तास अटीत बसतात हो.

कोंबडीवाला : तुमच्या अटीत सगळंच बसतं. ताई तीन आठवडे बोलत नाही माझ्याशी. काल एवढंच म्हणाली, तुला शिक्षा झाली की कळव, मग येते.

अधिकारी : मी शिक्षा करणारा कोण? अंतर, वेळ आणि पाटी, एवढंच बघतो. पाटी लावली होती?

कोंबडीवाला : नव्हती.

अधिकारी : मग त्या खांबाला काय टांगलंय?

कोंबडीवाला : तुम्ही बघितली नाही असं धरा.

अधिकारी : डोळ्यांवर कातडं ओढू? "सापळा आहे. पाऊल जपून टाका." लांबून वाचता येतं. पेंटरकडून करून घेतली?

कोंबडीवाला : आईनं लिहिली. तीस वर्षं शाळेत फळा लिहिलाय तिनं. परवाना आला त्या दिवशी हातात ब्रश दिला, एका बैठकीत लिहून मोकळी. बाकी सगळं विसरते, हात विसरला नाही. त्या सकाळीही वाचलीच असणार. दोन पावलं जाईपर्यंत विसरली.

अधिकारी : मला "दोष आढळला नाही" असंच लिहावं लागेल.

कोंबडीवाला : नका लिहू हो.

अधिकारी : दुसरं काय लिहू? आईंना माहीत आहे, सापळा कुणी लावला ते?

कोंबडीवाला : रोज सांगतो. सकाळी उठली की विचारते, माझा पाय कुठं गेला रे? मी लावलेल्या सापळ्यात गेला म्हणतो.

अधिकारी : रागावतात?

कोंबडीवाला : छे. म्हणते, "अरे, मग तिथं पाटी नाही का लावायची? मला सांगायचंस, मी लिहून दिली असती."